मँड्रिनेटची अकरा रोपं

रविवार, १८ ऑगस्ट २०२४

मँड्रिनेटला कळ्या आल्या. दोन्ही झुडपांवर मिळून नऊ. आज सुट्टी होती, तरी जाऊन आले. मदतनीस अजराच्या भरवशावर दोन दिवस सोडलं असतं तर सोमवारी झुडपांऐवजी काटक्या सापडल्या असत्या.

टेसाला फोनवर सांगितलं तर म्हणते, "कळ्यांचं काय एवढं? आपल्या वाडीत जास्वंदीला रोज पन्नास यायच्या." टेसा माझी धाकटी बहीण, वसईला असते आणि तिला प्रत्येक गोष्टीत वाडी आठवते. पुन्हा एकदा समजावलं की ही जास्वंद नव्हे, जास्वंदीची लांबची बहीण. मॉरिशसच्या डोंगरांवर हिची मोजकीच झुडपं उरली आहेत. त्यात घात असा की अंगणातल्या साध्या जास्वंदीचे पराग हिला चालतात. ते लागले की बी मिश्र, रोपं मिश्र, आणि मूळ झाड हळूहळू संपलंच. तिथल्या एका बागेने आमच्या हॉटेलच्या ग्लासहाऊसला दोन झुडपं दिली ती एवढ्यासाठीच, की आम्ही त्यांना शुद्ध रोपं करून परत द्यावीत. तीन वर्षं झाली, एकही दिलेलं नाही. आमच्या वरिष्ठ साजिदा मॅडमनी स्पष्ट सांगितलंय, मार्चअखेरपर्यंत रोपं नाहीत तर हा विभाग खलास. विभाग म्हणजे मी आणि अजरा.

मी बावन्न वर्षांची. दुबईत एकवीस वर्षं झाली. वाडी भावाने केव्हाच बिल्डरला दिली. परत जायचं म्हणजे टेसाच्या हॉलमधल्या दिवाणावर झोपायचं. तेव्हा ह्या नऊ कळ्या म्हणजे चेष्टा नाही.

बुधवार, २८ ऑगस्ट

अजराने माझ्या ब्रशने कीबोर्ड झटकला. पराग लावायचा ब्रश! दोन नंबरचा, मऊ केसांचा. "सॉरी मॅम, मुझे लगा पुराना है." मी काहीच बोलले नाही. म्हणजे थोडंसं बोलले. आजपासून ब्रश माझ्या पर्समध्ये, माझ्यासोबत घरी. इथे कुणावर विश्वास टाकायची सोय नाही.

मुलगी तशी गप्प असते. डबा खाते तोही कोपऱ्यात पाठ करून. आज डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या कोळंबीचं काहीतरी होतं, वासावरून कळलं. केरळची असणार. विचारलं नाही. विचारून काय करायचंय? दुपारी मी टेसाशी बोलत होते, टेसाच्या सासूची गंमत चालली होती, तर ही आपली स्क्रीनकडे बघून एकटीच हसतेय. मोबाइलवर काहीतरी पाहत असेल.

शनिवार, ७ सप्टेंबर

सकाळी सातला बेल. शेजारच्या कुंदाताई. "मिल्ड्रेड, फूल उमललं ग! एकच, पण उमललं!"

अल कुसैसच्या ह्या बिल्डिंगमध्ये मराठी बोलायला त्या एकट्याच. नवरा वासुदेवराव अबुधाबीजवळ मुसफ्फाला वर्कशॉपमध्ये, तिकडेच राहतात, आठवड्याला एकदा येतात. मुलगा कैवल्य घरात असतो, पण आईने मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत देतो. म्हणून ताई माझ्याकडे येतात. मी काही त्यांच्याकडे जात नाही बोलावल्याशिवाय.

त्यांची बाल्कनीतली लाल जास्वंद मीच वर्षभर छाटून, खत घालून वाढवली, गणपतीला घरचं फूल हवं म्हणून. "बर दुबईच्या बाजारात एका फुलाला तीन दिर्हम मागितले, म्हणजे जवळजवळ सत्तर रुपये! आणि तेही कोमेजलेलं," असं त्यांनी निदान चार वेळा सांगितलं. आरतीला मीही उभी राहिले. टाळ्या वाजवता येतात मला.

ताईंनी झाडावर आणखी एक कळी दाखवली. ती उद्याची.

रविवार, ८ सप्टेंबर

आज मरियामातेचा जन्मदिवस. सकाळी मिस्साला गेले. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि ओळखीचं कुणी नव्हतं.

संध्याकाळी ताईंच्या दीड दिवसाच्या गणपतीचं बादलीत विसर्जन झालं. वासुदेवराव लगेच निघाले, उद्या ड्युटी. कैवल्य खोलीत गेला. ताई रिकाम्या पाटाकडे बघत बसल्या, मग एकदम म्हणाल्या, "तू दिवसभर करतेस तरी काय त्या काचेच्या घरात? दाखव ना."

मला हे कधी कुणी विचारलेलं नाही. एकवीस वर्षांत नाही. पर्समधून ब्रश काढला आणि बाल्कनीत कालच्या कळीचं आज फुललेलं फूल होतं, त्यावरच दाखवलं. ही मधली दांडी, हे तिच्या अंगावरचे पिवळे पराग, हे टोकाचे पाच लाल मखमली ठिपके, इथे ब्रश असा हलकेच टेकवायचा. ताईंनी स्वतःही करून पाहिलं, चांगला पिवळाधमक ब्रश भरून. "अगंबाई, म्हणजे तू झाडांची लग्नं लावतेस!" दोघी कितीतरी वेळ हसलो. फार दिवसांनी माझं पोट दुखलं हसून.

निघताना त्यांनी सांगितलं. महिनाअखेरीला त्या अबुधाबीला चालल्यात, मुसफ्फाच्या जवळ घर मिळालं. "दोन भाडी कशाला भरायची? आणि ह्यांना डबा मिळेल." बरोबरच आहे. मी म्हटलं, छान झालं.

झोप लागत नाहीये. उगीच रडू येतंय. बसमध्ये डोळे सुजलेले दिसणार.

सोमवार, ९ सप्टेंबर

उमलली! दोन्ही झुडपं एकाच दिवशी! तीन वर्षं हे जमत नव्हतं, एकीचं फूल यायचं तेव्हा दुसरी ढिम्म.

कंपनीची बस आज पाऊण तास उशिरा. पोचले तर दोन्ही फुलं पूर्ण उघडलेली, आणि फूल संध्याकाळी मिटलं की संपलं. धावतच गेले. ब्रश पर्समध्येच होता, शोधत बसावं लागलं नाही. म्हणून वस्तू आपल्याजवळ ठेवाव्यात. अजरा दारात बुजगावण्यासारखी उभी. "मॅम, स्पिरिट की बॉटल दूँ?" म्हटलं, "बाद में. अभी बीच में मत आओ." एका झटक्यात काम झालं. फुलावर जाळीची पिशवी बांधली, चिठ्ठी लावली, तारीख घातली, माझं नाव घातलं.

घरी येऊन ताईंना सांगायला गेले. त्या खोकी भरत होत्या. "अरे वा," म्हणाल्या, आणि चिकटपट्टीचं टोक शोधायला लागल्या.

बुधवार, २ ऑक्टोबर

सोमवारपासून ताप. आज कामावर गेले तर कळलं, काल पुन्हा दोन्ही झुडपं फुलली होती आणि अजराने एकटीने पराग लावले. मला फोन नाही, मेसेज नाही! "आप बीमार थे मॅम, इसलिए." पाकिटातला नवा कोरा ब्रश काढला, तोही आधी स्पिरिटने पुसला, हे मला मुद्दाम ऐकवलं. फार शहाणी. लागणार नाही ते फळ.

शनिवारी ताई गेल्या. जास्वंदीची कुंडी मांडीवर घेऊन टॅक्सीत बसल्या. त्यांच्या दाराबाहेर आता कुणाचे तरी बूट असतात.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

दोन्ही फळं पिकली. माझ्या फळात चौदा बिया, तिच्या फळात आठ. साजिदा मॅडमनी आज मला नावाने हाक मारली, सगळ्यांसमोर. "मिल्ड्रेड, यू हॅव गोल्डन हॅन्ड्स." अजराचं नावही घेतलं, नंतर.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

अकरा उगवली! तिची सहा.

माझी अकरा खिडकीकडच्या ट्रेमध्ये, तिची सहा आतल्या बाजूला. आज लक्षात आलं की मी रोपांशी बोलते, आणि मराठीत बोलते. कालपासून सर्वांत बुटक्याला रागावतेय. कुणी ऐकलं तर वेडी म्हणतील. पण इथे समजणार कुणाला?

बुधवार, २५ डिसेंबर

नाताळ. कामावर गेले. घरी बसून काय करणार? ताईंचा मेसेज आला, चांदणीचं चित्र, सगळ्यांना पाठवतात तसलं. टेसाचा व्हिडिओ कॉल आला, मागे इतका गोंधळ होता की तिला माझं काही ऐकू येत नव्हतं.

अजराने डब्यातून काहीतरी आणलं होतं. "मॅम, आपका त्योहार है ना." पिवळं, मऊ, वाफवलेलं, गोड. अगदी आमच्याकडच्या सांदणासारखं. केरळातही करतात वाटतं. मी थँक्यू म्हटलं. चव ओळखीची होती, पण ते तिला कशाला सांगायचं.

सोमवार, २० जानेवारी २०२५

रोपांची पानं तपासणीला गेली. रोपं घेण्याआधी बागेला ती शुद्ध असल्याचा दाखला लागतो. तपासणी महागडी, म्हणून आधी फक्त माझ्या अकरांची. तिचीही माझ्या रोपांसारखीच असणार, असं मॅडम म्हणाल्या.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

अकरापैकी आठ मिश्र. बाप साधी जास्वंद.

मला वाटलं चुकीचा रिपोर्ट आलाय. दोनदा वाचला. मॅडमनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. "ये हुआ कैसे? बिल्डिंग में हिबिस्कस का एक पौधा नहीं है." मग सुचलं. सप्टेंबरात एकदा छताची झडप उघडी राहिली होती आणि एक शिंजीर आत शिरला होता. चिमुकला पक्षी, फुलाफुलांत चोच घालणारा. बाहेरच्या रस्त्यावर जास्वंदीचं कुंपण आहेच. झडप बघायचं काम अजराचं. मी तसं बोलले.

अजरा म्हणाली, "फूल पर जाली बंधी थी मॅम. आपने ख़ुद बाँधी थी."

मी म्हटलं, "जाली ढीली थी."

ढिली होती का? असणार. नाहीतर कसं झालं?

मॅडम म्हणाल्या, पक्षी आत फिरत असेल तर दोन्ही फळं गेली, त्या हंगामातलं काहीच बागेला देता येणार नाही. सगळी सतरा रोपं नष्ट करायची आणि अजराला मार्चनंतर ठेवायचं नाही. तिचा व्हिसा ह्याच नोकरीवर आहे. मी जुनी माणूस, मला दुसऱ्या हॉटेलात फुलांकडे घेतील. मॅडम उद्या लाहोरला जातायत, ६ मार्चला येतील. तोवर मी तारखावार सगळं लिहून द्यायचं.

अजरा बाहेर येऊन बेसिनशी उभी राहिली. नळ चालू होता आणि ती हात धूत नव्हती.

रविवार, १६ फेब्रुवारी

तारखा हव्यात म्हणून ही डायरी उघडली. शिंजीर कुठल्या दिवशी आला ते बघायला. ते कुठेच लिहिलेलं नाही.

आठ सप्टेंबर वाचला. मग नऊ सप्टेंबर. मग पुन्हा आठ.

मीच लिहिलंय. चांगला पिवळाधमक ब्रश भरून. आणि दुसऱ्या दिवशी, बाद में, अभी बीच में मत आओ. त्यानंतर ब्रश धुतला असेल, पुसला असेल, पण त्याआधी नाही. पाच महिने ही वही माझ्या उशाशी आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

कुणाला कळणार आहे? वही मराठीत. दोन पानं फाडली तरी चालेल.

शिंजीर खरंच आला होता. फक्त तो ऑगस्टात, फुलं यायच्या आधी.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज हिशोब नीट मांडला, म्हणजे डोक्यात. शिंजिराचं मानलं तर सतराही गेली आणि अजराही गेली. ब्रशाचं सांगितलं तर माझी अकरा गेली आणि मी गेले. तिची सहा मात्र वाचतात. नवा ब्रश, स्पिरिट, आणि मी तापाने घरी. ती शुद्धच असणार.

मला माझी हवी होती. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं का लिहू? जायचीच तर सगळ्यांची जाऊ देत, असंही मनात येऊन गेलं.

बुधवार, ५ मार्च

राखेचा बुधवार. आमचा उपवासकाळ आणि यांचा रमझान यंदा एकदमच. बसमध्ये मी कपाळावर राख लावून, बाजूला अजरा रोज्याने कोरड्या ओठांची. तेरा फेब्रुवारीपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

पापनिवेदन केलं. फादर तरुण होते, मंगळूरकडचे, त्यांना झाडाचं नाव तीनदा सांगावं लागलं. सगळं ऐकून म्हणाले, "आपने मुझे बता दिया, अच्छा किया. पर उस लड़की को मैं तो नहीं बता सकता ना."

गुरुवार, ६ मार्च

वही घेऊनच गेले. मॅडमना म्हटलं, अजरालाही बोलवा.

मॅडमना मराठी येत नाही, म्हणून दोन्ही दिवस हिंदीत करत वाचले. सावकाश. गणपती, बादली, कुंदाताई, ब्रश. मॅडमनी आधी मान हलवली, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. नऊ तारखेचं वाचून संपवलं. अजरा माझ्या खुर्चीशेजारी उभी होती. वहीत बघत होती.

"मधलं गाळलंत," ती म्हणाली.

मराठीत. स्वच्छ, कोकणी हेलाच्या मराठीत.

"दारात बुजगावण्यासारखी उभी, असं लिहिलंय तिथे. ते नाही वाचलंत."

मी वहीवरून मान वर केली. मॅडम विचारतायत, क्या हुआ, क्या बोली वो. मी विचारलं, "तू कुठली?"

"खेडची. रत्नागिरी जिल्हा."

"कधी बोलली नाहीस ती?"

"पहिल्याच आठवड्यात तुम्ही बहिणीला फोनवर सांगत होतात, मदतीला माणूस मागितला तर बुजगावणं पाठवलंय म्हणून. मी मागेच होते. त्याच दिवशी येऊन सांगणार होते, मॅम, मीपण मराठीच. मग म्हटलं, नको." तिचा आवाज चढला नाही. "आणि तुम्हीपण कधी विचारलं नाही."

पान परत उघडलं. गाळलेलं सगळं वाचलं, हिंदीत, तेही आणि फार शहाणी म्हटलं होतं तेही. मॅडम मध्येच "बस, मिल्ड्रेड" म्हणाल्या. मी थांबले नाही.

निर्णय लगेच झाला. अजरा राहील. तिच्या सहांची पानं तपासणीला जातील. माझं कॉन्ट्रॅक्ट ३१ मार्चला संपेल आणि संपू दिलं जाईल. मॅडमनी हे फार सभ्यपणे सांगितलं. बाहेर आल्यावर अजराला म्हटलं, "मला माफ कर."

ती म्हणाली, "ते मी नंतर बघीन."

गुरुवार, २७ मार्च

रिपोर्ट आला. सहाच्या सहा शुद्ध. बाग घेणार. रोपं जरा मोठी झाली की जातील, अजराच्या नावाने, आणि विभाग चालू राहील.

माझी अकरा आज काढायची होती. त्यातली तीन शुद्ध होती, पण मिसळलेल्या लॉटमधलं बाग काहीच घेत नाही. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला सांगते. मी नको म्हटलं. वीतभर झाली होती, पानं चकचकीत. एकेक उपटलं, माती झटकली. अजरा न बोलावता आली आणि पिशवी उघडी धरून उभी राहिली. बुटकं शेवटी राहिलं. ते काही केल्या हाताने उपटेना, म्हणजे मला उपटवेना.

"त्याला तुम्ही रोज रागवायचात," अजरा म्हणाली. "वसईच्या शिव्या मला पहिल्यांदाच ऐकायला मिळाल्या."

मला हसू आलं आणि मग जे रडू आलं ते थांबेना. तिने ते रोप स्वतः काढलं, पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली. मला जवळबिवळ घेतलं नाही. एक स्टूल ओढून दिलं.

तिचा रोजा सुटायला अजून वेळ होता. माझाही उपवास होता. बसलो तशाच. मग ती बोलायला लागली. घरी आई आणि दोन बहिणी, एकीचं लग्न ठरतंय. खाडीकाठी घर, भरतीला पाणी पायरीपर्यंत येतं. इथे आल्यावर सहा महिने तिला रोज रात्री स्वप्नात कुणीतरी मराठीत हाक मारायचं. मीही सांगत गेले, वाडीचं, पपांचं, टेसाच्या दिवाणाचं, कुंदाताईंचं. एक विषय संपायच्या आत दुसरा. बांग झाली तेव्हा तिने खजुराची डबी माझ्यापुढे धरली आणि आमची बस सुटली ते दोघींच्या लक्षातच आलं नाही.

अठरा महिने आम्ही एकाच टेबलावर बसत होतो. आता चार दिवस उरलेत, त्यातले दोन सुट्टीचे.